अतिवृष्टीचं अनुदान: पैसा सातबाऱ्याला मिळतो, पेरणाऱ्याला नाही

बांधावरची:

मंडळी, धागा लांब होणार आहे, पण विषयच असा आहे की तुकड्या-तुकड्यात लिहून कळणार नाही.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २९ जिल्हे, २५३ तालुके, ६८ लाख हेक्टरांहून जास्त रानाचं नुकसान. आकडा एवढा मोठा, की गावाबाहेरच्या माणसाला वाटतं, चला, शेतकऱ्याचं भागलं. इथं गावात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी मोबाइल घेऊन येतं आणि "ताई, हा मेसेज काय म्हणतोय बघा" म्हणतं. कुणाचे पैसे सुटलेत पण कुठल्या खात्यात गेले ते कळत नाही. कुणाचं नाव यादीत आहे पण केवायसीला लागणारा विशिष्ट क्रमांक मिळेना. आणि ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांतले काहीजण यादीत कुठंच नाहीत. मला मुख्य बोलायचंय ते या शेवटच्या लोकांबद्दल. पण आधी पैशाचा हिशोब मांडते, कारण त्यावरूनच निम्मी भांडणं होतात.

पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागेला २२,५००. हा २०२५ चा दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा, देशभर सारखाच. त्या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. सातबाऱ्यावर हेक्टरचे १०० आर असतात, म्हणजे कोरडवाहू रानाला आरमागं ८५ रुपये पडले. एकराला साधारण ३,४००. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. एकरभर सोयाबीन पाण्यात गेलं तर एका क्विंटलाचेही पैसे हातात येत नाहीत. कारण हा दर गेलेल्या पिकाच्या किमतीवरून ठरवलेलाच नाही. पुढच्या पेरणीला बी-खत घेता यावं, एवढ्याच हिशोबानं तो धरलाय.

२०२२ ला राज्यानं स्वतःची भर घालून कोरडवाहूला १३,६०० दिले होते, तेही तीन हेक्टरांपर्यंत. २०२५ च्या मे महिन्यात ते मागं घेऊन पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टरांची मर्यादा आली. सप्टेंबरच्या पुरानंतर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले आणि मर्यादा परत तीन हेक्टरांवर गेली. टीव्हीवर "कोरडवाहूला १८,५००" हा आकडा फिरला तो ही बेरीज करून. पण ते दोन वेगळ्या शासन निर्णयांनी आलेले दोन वेगळे पैसे आहेत. पहिले आले आणि दुसरे आले नाहीत, की माणूस म्हणतो, माझे मधल्यामधे कुणीतरी खाल्ले.

आता खरं दुखणं. आमच्या शिवारात एक नवरा-बायको बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याचं रान करतात. मालक शहरात असतो. बी, खत, फवारणी निम्मी-निम्मी, राबणं सगळं या दोघांचं. काढून ढीग लावलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली भिजत राहिलं. पाऊस उघडल्यावर ताडपत्री उचलली तर शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले, आणि ढिगात हात घातला की आत गरम वाफ. वास असा, की जनावरंही तोंड लावेनात. पंचनाम्याला त्या बाईच हजर होत्या, ढिगाच्या फोटोत त्याच उभ्या आहेत. यादीत नाव आलं मालकाचं. पैसे मालकाच्या खात्यात. मालकानं निम्मे पाठवले तर त्याचा चांगुलपणा, नाही पाठवले तर विचारायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षी रान दुसऱ्याला जाईल. उचल घेतलेली यांनी, दुकानदाराची उधारी यांच्या नावावर.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपत्तीची मदत ज्याचं पीक गेलं त्याच्यासाठी असते. जमीन कुठं गेलेली नाही, पीक गेलंय. मग नाव फक्त जमिनीच्या मालकाचंच का धरायचं? तुमच्या भागात काय चाललंय ते लिहा.

जुना_सातबारा:

ताई, चांगला विषय काढलात. तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून आतली बाजू सांगतो.

पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. तिन्ही पदांची नावं आता बदललीत, काम तेच आहे. एका तलाठ्याकडं एकाहून जास्त गावं, वरून "आठ दिवसांत अहवाल द्या" असा आदेश, रस्ते पाण्याखाली. ३३ टक्के नुकसान मोजायचं कोणतंही यंत्र नाही, बांधावर उभं राहून नजरेनं ठरवायचं. मग होतं काय, की ज्या महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तिथं सरसकट लिहिलं जातं, आणि शेजारच्या मंडळात तेवढंच पाणी साचलं तरी माणूस अडतो, कारण पर्जन्यमापकावर आकडा बसत नाही. या वेळी जाहीर केलेल्या तालुक्यांत ६५ मिलिमीटरची अट ठेवली नाही. ते बरं झालं. पर्जन्यमापक असतो एका गावात, मंडळात गावं असतात पुष्कळ.

दुसरी अडचण ई-पीक पाहणीची. शेतकऱ्यानं मोबाइलवर पीक नोंदवलं नसेल तर सातबाऱ्यावर रान पड दिसतं. पंचनाम्यात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर पड, की नाव अडकलं. म्हातारी माणसं, ज्यांच्याकडं साधा फोन आहे, तीच यात जास्त सापडतात. गावातल्या पोरांनी दर हंगामात दोन संध्याकाळी काढून अशांची पाहणी करून दिली तर पुढचा त्रास बराच वाचेल.

आणि बटईदाराबद्दल. गाव नमुना सात-ब म्हणून एक नमुना पूर्वीपासून आहे. मालकाशिवाय दुसरा कुणी जमीन कसत असेल तर त्याची नोंद तिथं घ्यायची. कागदावर सोय आहे. पण मालक ती नोंद होऊ देत नाहीत आणि कसणारा तोंड उघडत नाही. माझ्या नोकरीत बटईदार स्वतःहून सात-बसाठी आल्याचं आठवत नाही.

सीनाकाठ:

सप्टेंबरात सीनेला आलेलं पाणी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. करमाळा, माढा, मोहोळ, पलीकडं परांडा, भूम, सगळीकडं तेच. तुम्ही पिकाचं बोलताय, आमच्याकडं काहींचं रानच गेलं.

दोन प्रकार झालेत. काही ठिकाणी नदीनं गाळ-वाळू आणून टाकली. तिथं गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर हेक्टरी १८,०००. काही ठिकाणी वरची काळी माती पार खरवडून नेली, खाली पांढरा मुरूम उघडा पडलाय. तिथं हेक्टरी ४७,००० रोख, आणि पॅकेजमधे वर रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम धरलंय. विहीर गाळानं भरली असेल तर ३०,०००.

ज्यांचं रान खरवडलंय त्यांना कळकळीनं सांगतो: पंचनाम्यात "पीक नुकसान" एवढंच लिहून घेऊ नका. "जमीन खरवडून गेली" हे शब्द, गट नंबर आणि किती आर, हे लिहिलंय का ते सही करायच्या आधी बघा. आमच्या इथं कित्येकांचा पंचनामा फक्त पिकाचा झाला, आणि आता जमिनीचं विचारायला गेलं की कागदावर काहीच नाही.

माती आणायची कुठून, हा वेगळाच प्रश्न. चांगल्या मातीचा एक ट्रॅक्टर टाकला तर रानात कुठं गेला ते दिसतही नाही. मोटार, पाइपलाइन, ठिबक, वाहून गेलेलं वैरणीचं बुचाड, हे तर हेक्टरच्या दरात कुठं बसतच नाही.

शहरवासी:

माझ्या घरात तीन पिढ्यांत शेती नाही, म्हणून खरोखर समजून घ्यायला विचारतोय. पीक विमा असताना अनुदानावर एवढं अवलंबून का राहावं लागतं? एक रुपयात विमा अशी योजना होती ना?

रानवाट:

होती. २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्यानं भरायचा. ते एक वेळ चालेल. पण त्याच बदलात स्थानिक आपत्तीचा निकष काढून टाकला. पूर्वी तुमच्या एकट्याच्या रानात पाणी शिरलं तर ७२ तासांत कळवायचं आणि त्या रानाची पाहणी व्हायची. त्यातही अडचणी होत्याच, पण दार उघडं होतं. २०२५ च्या खरिपाला भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर राहिली. महसूल मंडळात ठरावीक ठिकाणी पीक कापून उत्पादन मोजायचं आणि मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या पातळीच्या, खाली आली तरच सगळ्यांना मिळायचं.

आता नदीकाठच्या दहा-वीस घरांचं रान पूर्ण गेलं आणि वरच्या माळावरच्या लोकांचं पीक बरं आलं, तर सरासरी बरीच येणार. नदीकाठच्याला विम्यातून काहीच नाही. त्याच्यासाठी उरतं ते एवढं एकच अनुदान. म्हणून त्याची यादी चुकली की सगळंच चुकलं.

कॅश_काउंटर:

मी बँकेत आहे, ग्रामीण शाखेत. "पैसे सुटले, पण आले नाहीत" यावर लिहितो, कारण सध्या काउंटरवर दिवसभर हेच असतं.

अनुदान आता खाते क्रमांकावर येत नाही, आधारवर येतं. तुमच्या आधारला शेवटी जी बँक जोडली गेली तिथं पैसे जातात. पासबुक जिल्हा बँकेचं, वीस वर्षांचं खातं, सोसायटीचं कर्ज तिथंच, म्हणून माणूस तिथं रोज चकरा मारतो. आणि मधे कधीतरी दुसऱ्या योजनेसाठी पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडलेलं असतं, अंगठा देताना आधार तिकडं जोडलं गेलेलं असतं. पैसे तिथं पडलेले. परवा एक आजोबा आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन पासबुकं, तिन्ही कोरी. त्यांचे पैसे चौथ्या खात्यात होते, ज्याचं पासबुक त्यांना कधी मिळालंच नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" बघितलं की कोणती बँक जोडलीय ते दोन मिनिटांत कळतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवा, त्याच्यावर ओटीपी येतो.

दुसरं, होल्ड. थकीत कर्जदाराच्या खात्यावर होल्ड लागलेला असतो, मग अनुदान आलं तरी निघत नाही. शासन निर्णयात स्पष्ट असतं की ही रक्कम कर्जात वळती करायची नाही. शाखेत तोंडी वाद घालू नका. शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. लेखी आलं की शाखेला उत्तर द्यावं लागतं. वळती झालेली रक्कम परत खात्यात आलेली मी स्वतः पाहिलीय.

मोसंबीबाग:

फळबागेला हेक्टरी २२,५०० हे या वर्षाच्या फळांचं धरा. पण मुळाशी पाणी साचून झाड पिवळं पडलं, पुढच्या उन्हाळ्यात वाळलं, तर ते कोणत्या पंचनाम्यात येणार? पंचनामा झाला त्या दिवशी झाड हिरवं होतं. सहा-सात वर्षं वाढवलेली बाग आहे. फळबागेचा दुसरा पंचनामा काही महिन्यांनी व्हायला हवा, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून केली पाहिजे.

वडिलोपार्जित:

बांधावरची ताई, मी तुम्ही म्हणता तो शहरातला मालक आहे. म्हणून आमची बाजूही मांडतो.

आमची जमीन मराठवाड्यात, वडील गेल्यापासून बटईनं दिलीय. यंदा आलेलं अनुदान मी सगळंच्या सगळं करणाऱ्याला दिलं, कारण त्याचं घर त्यावर होतं. पण लिहून द्या म्हणाल तर मी देणार नाही. आमच्याकडं हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५०, लागू आहे. विदर्भ सोडून बाकी महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा. कसणाऱ्याचं नाव एकदा कागदावर लागलं की पुढं कुळाचा, म्हणजे कसणारा म्हणून जमिनीवर हक्काचा, दावा होईल, ही भीती आमच्या आजोबांपासून घरात आहे. कोर्टात वर्षानुवर्षं अडकलेली घरं मी बघितलीत. भीती खरी का खोटी यावर वकीलही एकमत होत नाहीत.

माझ्या मते मार्ग असा हवा की जमिनीच्या हक्काचा आणि मदतीचा संबंधच तोडायचा. आंध्र प्रदेशानं २०१९ ला कायदा करून कसणाऱ्यासाठी अकरा महिन्यांचं कार्ड काढलं. त्यानं जमिनीवर कोणताही हक्क तयार होत नाही, पण कर्ज, विमा, नुकसानीची मदत यासाठी ते चालतं. असं काही आपल्याकडं आलं तर मी स्वतः पहिल्या दिवशी सही करीन.

बांधावरची:

@वडिलोपार्जित, दादा, मोकळेपणानं लिहिलंत, आणि पैसे पूर्ण दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्यासारखे मालक आमच्याकडंही आहेत. पण माझा आक्षेप तिथंच आहे. एका बाईनं उन्हातान्हात उभं केलेलं पीक गेल्यावर तिला मदत मिळणं हे मालक भला निघण्यावर अवलंबून नसावं. आणि आंध्रच्या कार्डालाही मालकाची सही लागत होती, म्हणून तिथंही पुष्कळ कसणारे बाहेर राहिले. सही न देणारा मालक असेल तर पुढं काय?

माझ्या डोक्यात असं आहे. पंचनाम्याच्या नमुन्यात मालकाच्या नावाशेजारी "प्रत्यक्ष पेरणी करणारा" असा एक रकाना वाढवायचा. कोण कोणतं रान करतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, ग्रामसभेत नुसतं वाचलं तरी दोन तासांत खरं-खोटं होईल. त्या नोंदीचा कुळ कायद्यात पुरावा म्हणून वापर होणार नाही, असं शासन निर्णयातच लिहायचं. निदान रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी दहा हजार तरी, जो रब्बी पेरणार आहे त्याला द्यायला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. ती रक्कम उघड-उघड पेरणीसाठीच आहे.

जुना_सातबारा:

रकान्याची कल्पना पटली. मात्र एक धोका सांगतो. नाव घुसवायला जागा मिळाली की ती वापरली जाते. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अनुदानाच्या याद्यांत खोटी नावं घालून पैसे उचलल्याचं प्रकरण झालं, महसूल कर्मचारी निलंबित झाले. सरकारी लॉगिन वापरूनच ते झालं होतं. म्हणून मी म्हणतो, ऑनलाइनवर भरवसा ठेवून बसू नका. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे आणि चावडीवाचन झालं पाहिजे. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, सगळं मोठ्यानं वाचायचं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं नाव आलं की चार माणसं तिथंच उठतात. आमच्या काळात लोकांना चावडीचीच भीती असायची, वरच्या कचेरीची नाही.

नवी_नोंद:

मला विचारायचं होतं. सासरे वारले, नंतर माझे मिस्टर वारले. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे आणि दोन दीर आहेत. जमीन वाटून करतो, माझा वाटा मीच पेरते. यादीत सासऱ्यांचं नाव आलंय. केवायसी कशी करायची? सेवा केंद्रावर सांगतात, ज्यांचं नाव आहे त्यांनाच आणा.

जुना_सातबारा:

ताई, आधी वारस नोंद करून घ्या. सासऱ्यांचा आणि मिस्टरांचा, दोघांचेही मृत्यूचे दाखले लागतील. वारसांत तुम्ही आणि तुमची मुलं, दोघं दीर, आणि सासूबाई, नणंदा असतील तर त्यांचीही नावं येतात. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडं) लेखी द्या किंवा ई-हक्क प्रणालीतून भरा. नोंद घातल्यावर नोटिशीची मुदत असते, ती संपली की मंडळ अधिकारी मंजूर करतात. अनुदान तोवर परत जाऊ नये म्हणून तहसीलला आजच वेगळा अर्ज द्या: खातेदार मयत, वारस नोंदीची प्रक्रिया चालू, रक्कम राखून ठेवावी. सामाईक खात्यात एकाच्याच नावावर पैसे घ्यायचे असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. पण तुम्ही आपल्या वाट्याचे वेगळे मागा. दिरांना एकदा संमती दिलीत की पैसे त्यांच्या हातात जातील. घरात गोडी असेल तर चांगलंच आहे, पण कागद आपल्या बाजूनं ठेवा.

कॅश_काउंटर:

@नवी_नोंद, ताई, तुमचं स्वतःचं खातं आधारला जोडलंय का तेही आत्ताच बघून ठेवा. नोंद मंजूर झाल्यावर त्यासाठी परत अडायला नको. आणि शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. तो असेल त्यांना या अनुदानासाठी केवायसीतून सूट दिलीय. मात्र तो निघतो सातबाऱ्यावर नाव लागल्यावरच, त्यामुळे वारस नोंद आधी.

सीनाकाठ:

नणंदांचा मुद्दा काकांनी बरोबर काढला. आमच्याकडं एका घरात बहिणींची नावं नोंदीत घ्यायची राहिली म्हणून तक्रार झाली आणि नोंदच अडकली. सगळ्यांची नावं पहिल्याच अर्जात लिहा.

बांधावरची:

नवी_नोंद ताई, तुम्हाला अर्जाचा मसुदा निरोपातून पाठवलाय. तो तसाच्या तसा लिहून काढा, फक्त गट नंबर आणि आठ-अ उताऱ्यावरचा खाते क्रमांक तुमचा घाला. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या.

बाकीच्यांसाठी: ग्रामपंचायतीत यादी लावून चावडीवाचन घ्यावं असं निवेदन आम्ही तयार करतोय. त्यात प्रत्यक्ष पेरणी करणाऱ्याचा रकाना, फळबागांचा दुसरा पंचनामा आणि खरवडलेल्या जमिनीची फेरपाहणी या तीन मागण्या घातल्यात. आपल्या गावाच्या नावानं द्यायचं असेल त्यांनी इथं जिल्हा आणि तालुका लिहा, मसुदा पाठवते. गट नंबर, आधार किंवा खाते क्रमांक मात्र कुणीही या धाग्यावर टाकू नका.